पोशीरची सून

बाईचं सोंग घ्यायचं तर सुरुवात पायांपासून करावी. चेहरा नंतर. चेहरा पदराखाली झाकता येतो, पाय झाकता येत नाहीत. शहरातल्या बाईची टाच मऊ असते आणि ती जमिनीवर टेकताना जमिनीची परवानगी मागितल्यासारखी टेकते. भातखाचरात जन्म काढलेली बाई अंगठ्यानं माती धरून चालते. तिच्या टाचांच्या भेगा काजळीनं काढता येतात. पण पहिल्या ओढ्यात त्या धुऊन जातात. अंगठ्यानं माती धरणं मात्र काढता येत नाही, शिकवावं लागतं.

हे मला कोणी शिकवलं म्हणाल तर मी स्वतः नऊ वर्षं बाई होतो.

दचकू नका. एका फिरत्या नाटक कंपनीत मी नायिकेची कामं करायचो. मी मान वेळावली की पुढच्या रांगेतले व्यापारी पान चघळायचे थांबत. (हे मीच सांगतो आहे, तेव्हा त्यातले निम्मे व्यापारी वजा करा.) पुढं बोलपट आले, त्यात खऱ्याच बाया दिसू लागल्या, आणि लोकांना अचानक माझी हनुवटी खटकायला लागली. कंपनी बसली. दोन ट्रंका लुगडी आणि एक ट्रंक केसांचे टोप एवढी पुंजी घेऊन मी कर्जतला घरी आलो आणि ड्रेपरीचा धंदा सुरू केला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गावोगावच्या हौशी नाटकांना कपडे, टोप, दाढ्या, तलवारी भाड्यानं द्यायच्या, आणि प्रयोगाच्या दिवशी जाऊन तोंडं रंगवून द्यायची. खालापुरापासून नेरळपर्यंत कोणत्याही गावचा राजा असो, त्याची मिशी माझी असते. आज वीस-पंचवीस वर्षं झाली, धंदा बरा चालतो. एका राक्षसानं दात परत केलेले नाहीत, पण तो आता पंचायतीत आहे, त्याला लागत असतील.

मात्र माझ्या हातून जी सर्वांत चांगली रंगभूषा झाली ती एकाही नाटकातली नाही. आणि माझ्या धंद्यातली सर्वांत मोठी चूकही तिच्यातच आहे.

बेचाळीस साल. भिसेगावचे एक मास्तर माझ्याकडे आले. नाव सांगत नाही. त्यांनी स्वतः कधी कुणाला सांगू दिलं नाही. दुकानात शिरले, एक टोप उचलून उलटासुलटा केला आणि म्हणाले, "वामनराव, बायका सजवायच्या आहेत. पण प्रयोग उन्हात आहे आणि प्रेक्षक पोलीस आहेत."

तेव्हा कळंबच्या वरच्या डोंगरात आमची काही माणसं लपून होती. पुरुष दिसला की त्याची झडती व्हायची. पिशवी, टोपी, चपलेचा तळवा, सगळं. डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला चाललेल्या बाईकडे तेवढं लक्ष जात नसे. म्हणून निरोप, औषधं, पत्रकं हे सगळं बायकाच नेत. त्यातल्या काही इथल्याच होत्या. पण काही पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मुली होत्या, कारण त्यांना पत्ते पाठ असत आणि कागद न बाळगता सांगता येत. त्या मुलींना आठ दिवसांत कर्जत तालुक्यातली बाई बनवायची, हे माझं काम.

मी फुशारून गेलो. खरं सांगायचं तर देशासाठी कमी आणि भूमिकेसाठी जास्त.

पहिल्याच आठवड्यात कळलं की स्टेजवरची विद्या उन्हात कुचकामी आहे. सफेदा, लाली, काजळ हे सगळं दिव्यांच्या उजेडासाठी. उन्हात ते भिंतीच्या रंगासारखं दिसतं. मग मी रंग सोडून दिले. मुलींना मागच्या परसात उन्हात बसवायचं, केसांना तेल बंद, अनवाणी शेण कालवायला लावायचं. एका वकिलाच्या मुलीचे दात मोत्यासारखे होते. मोत्यासारखे दात पोलिसाला लांबून दिसतात. तिला मी मशेरी लावायला दिली. बिचारी पहिल्या दिवशी गरगरून माझ्या तलवारींच्या पेटीवर पडली. दुसरीला चष्मा होता. चष्मा काढला तरी नाकावर त्याचे दोन खड्डे राहिले. ते खड्डे बुजवायला काही सापडेना, तेव्हा तिला खोटं पडसं देऊन नाकाला पदर लावून पाठवली. तीन दिवसांनी परत आली तेव्हा तिला खरं पडसं झालं होतं.

हे सांगताना आज गंमत वाटते. तेव्हा वाटत नव्हती. मुलगी दारातून बाहेर पडली की ती पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत मी दाराला आतून कडी लावून बसायचो. धरलेल्या माणसांचं चौकीत काय होतं, ते मी एकाच्या नखांवर पाहिलं होतं. आणि प्रत्येक मुलीला माझं घर माहीत होतं. ती धरली गेली तर आधी तिच्यासाठी घाबरायचो, आणि लगेच पाठोपाठ स्वतःसाठी. कोणती भीती मोठी होती हे कृपा करून विचारू नका.

आता इंदू.

इंदू पुण्याची. वय वीस, शिक्षिका व्हायला शिकत होती, वर्गात कायम पहिली. लग्न झालेलं नव्हतं. डोंगरातल्या एका माणसाच्या मांडीत गोळी होती आणि जखम चिघळली होती. त्याच्यासाठी मुंबईहून सल्फाच्या गोळ्या आणि पट्ट्या कुंभिवलीपर्यंत मालाच्या गाडीतून आल्या, तिथून टोपांच्या ट्रंकेतून मी त्या कर्जतला आणल्या. कर्जतहून कळंबला पोहोचवायच्या होत्या इंदूनं. मास्तर म्हणाले, आठवड्याच्या आत गेल्या पाहिजेत, नाहीतर पाय जाईल, आणि पायामागून माणूस.

अशी शिष्या मला पुन्हा मिळाली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत कसं आवळायचं, डोक्यावर चुंबळ ठेवून टोपली कशी तोलायची, बसताना उकिडवं कसं बसायचं, सगळं एकदा सांगितलं की झालं. दंडावर आणि कपाळावर मी बिब्ब्यानं गोंदण काढलं. त्यानं कातडी पोळली, फोड आले. तिनं हूं केलं नाही.

तालमीला एक प्रेक्षक होती. राधीआजी. पोशीरची, साठीच्या आसपासची, सुकट-बोंबील विकणारी विधवा. आठवड्याच्या बाजाराला कर्जतला आली की माझ्या ओट्यावर टोपली टेकवून बसे; तालीम सुरू झाल्यावर मात्र रोजच यायला लागली. आमचं काम तिला ठाऊक होतं. मास्तरांचे निरोप तीही नेई. मला ती कधी नावानं हाक मारत नसे.

"काय गं नटीबाय," दारातूनच ओरडायची, "आज कुनाला बाई करतीस?"

मी दुर्लक्ष करायचो.

"पोरी," मग इंदूला, "ह्या बाप्याकडनं बाईपन शिकतीस? उद्या ह्यो तुला मिशी लावंल."

इंदू फिसकन हसायची आणि टोपली कलायची. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी इंदू टोपली घेऊन चालत होती आणि म्हातारी म्हणाली, "अगं, कंबर अशी काय हलवतीस? बाजाराला चाललीस का तमाशाला?" आता ती कंबर माझी होती. नऊ वर्षं टाळ्या घेतलेली.

"आजी," मी म्हणालो, "इथं काम चाललंय. तुमी बाजारात बसा."

"बरं गं बाय. तुझं तू." टोपली उचलून ती गेली आणि पुन्हा तालमीला आली नाही.

म्हातारी गेल्यावर मी सवाल-जवाबांची तालीम घेतली. पुलावर पोलीस नाव-गाव विचारत, म्हणून ही सर्वांत महत्त्वाची. मी टाळी वाजवायची, प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं पाहिजे. अडखळली की संशय येतो, असं माझं मत.

"नाव?" "हिरा." "गाव?" "पोशीर." "नवऱ्याचं नाव?" "दामू बाळू."

पाच दिवस रोज शंभरदा. शेवटी शेवटी माझी टाळी पडायच्या आधीच तिचं उत्तर यायचं. मी तिची पाठ थोपटली. पोशीर मीच निवडलं होतं, कळंबच्या वाटेवरचं म्हणून. दामू मीच जन्माला घातला होता.

बाजाराचा दिवस. दुपारी बायका सामान घेऊन आपापल्या गावी परत निघतात, त्या घोळक्यात इंदूला सोडलं. टोपलीत तळाशी गोळ्या, वर बोटभर जाड सुकट. सुकटीच्या वासानं शिपाई टोपलीत हात घालत नाहीत. मी खांद्यावर कपड्यांचं गाठोडं टाकून दहा-बारा माणसं सोडून मागं. कडावला नाटक आहे, असं सांगायचं ठरलं होतं.

नदीवरच्या पुलाशी रांग होती. दोन शिपाई आणि एक हवालदार. हवालदार घाटावरचा, सडपातळ, आवाज कधी न चढवणारा. ओरडणाऱ्या पोलिसाची मला फारशी भीती वाटत नाही, त्याचं अर्धं लक्ष स्वतःच्या ओरडण्याकडे असतं. हा हळू विचारायचा आणि उत्तर पुरतं ऐकून पेन्सिलीनं वहीत लिहायचा.

इंदूच्या पुढं पाच बायका होत्या. पहिलीला त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

बाईनं पदर तोंडात धरला आणि मान फिरवली. मागचीला म्हणाली, "सांग गं, आमच्या घरधन्याचं नाव."

"काळू," मागची म्हणाली, "काळू हाय तिचा."

हवालदारानं लिहिलं. त्या मागचीला विचारलं. ती म्हणाली, "आमच्या गावच्या देवाचं नाव हाय तेच."

"तुमच्या गावचा देव कोणता?"

"भैरी."

"म्हणजे भैरू?"

तिनं तोंड झाकून मान हलवली आणि अख्खी रांग हसली.

मी हसलो नाही. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही! हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्या आईनं जन्मात घेतलं नव्हतं. पण नऊ वर्षं बाई असताना मला ते कधी कोणी विचारलंच नाही. स्टेजवर 'नाथ' म्हटलं की भागायचं. इंदूलाही ठाऊक असणारच, पण ते तिच्या डोक्यातून मी टाळ्या वाजवून वाजवून बाहेर काढलं होतं. पाच दिवस. रोज शंभरदा.

आणि ती पुढं उभी होती, मान ताठ, धडा पाठ असलेल्या मुलीसारखी. पुढच्या बायका काय करताहेत ते तिला ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. भ्यालेल्या माणसाला स्वतःची छातीच ऐकू येते.

तिसरी बाई झाली. चौथी.

काय करू? खोकलो असतो तर तिला काय कळणार? एक गोष्ट मला करता येत होती. मूर्च्छा येऊन पडणं. स्टेजवर मी शेकडो वेळा पडलो होतो, आणि इतकं सुंदर पडत असे की लोक उठून उभे राहत. त्या दिवशी एकदा, फक्त एकदा पडायचं होतं. माझे गुडघे वाकेनात. उलट ते मागं सरकू लागले. मी रांगेतून बाहेर पडलो, गाठोडं पोटाशी धरलं आणि पुलाच्या कठड्याच्या आड जाऊन बसलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पळून गेलो असतो, पण पळणारा माणूस नजरेत येतो, म्हणून पुढचं दिसलं.

"नाव?"

"हिरा."

"गाव?"

"पोशीर."

"नवऱ्याचं नाव?"

"दामू बाळू."

पेन्सिल थांबली. हवालदारानं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून एखाद्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"परत सांग," तो अगदी हळू म्हणाला.

तेव्हा तिला कळलं. तिचे ओठ पांढरे पडलेले मला कठड्याच्या फटीतून दिसले. तोंड उघडलं, आवाज नाही. एक शिपाई टोपलीकडे सरकला.

आणि खाडकन आवाज झाला. रांगेतून एक हात आला होता आणि इंदूच्या गालावर पडला होता. टोपली कलली, ती दुसऱ्या हातानं वरच्या वर धरली गेली.

"मेले!" राधीआजी ओरडली. "चारचौघांत दादल्याचं नाव घेतीस? लगीन होऊन दोन महिनं नाय झालं आन् फौजदाराच्या तोंडावर दामू दामू करतीस? आयशीनं हेच शिकवलं तुला?"

म्हातारी रांगेत कुठून आली होती? नंतर कळलं, बाजारातून निघाल्यापासून ती घोळक्यात इंदूच्या मागं चार पावलांवर होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"तुझी कोण ही?" हवालदारानं विचारलं.

"सून. मागच्या जल्मीचं पाप." बोलता बोलता तिनं इंदूची टोपली स्वतःच्या रिकाम्या टोपलीत ठेवली आणि दोन्ही डोक्यावर घेतल्या. "आन ती इकडं, सांडशील समदी सुकट."

"नवऱ्याचं नाव फार पटकन घेतलं हिनं."

"तेच तं सांगते! म्हमईत आत्याकडं वाढलीय, गिरनीच्या चाळीत. लाज तिकडंच खुंटीला टांगून आली. तुमीच सांगा सायेब, तुमच्या कारभारनीनं भर बाजारात तुमचं नाव घेतलं तं तुमी काय कराल?"

शिपाई हसले. हवालदार हसला नाही.

"दामू तुझा मुलगा. आणि बाळू तुझा नवरा?"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "आता ह्या वयात माझ्याकडनं बी घेवविता काय?"

आता रांगच खदखदली. मागच्या बायका ओरडायला लागल्या, उन्हाचं किती थांबवता म्हणून. हवालदारानं शांतपणे म्हातारीचं नाव विचारलं, वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "राधी, पोशीर. मुलगा दामू. कुठं आहे?"

"म्हमईला, गोदीत."

"सून हिरा." त्यानं वही मिटली. "येईन मी पोशीरला. सून कशी नांदते बघायला."

सल्फाच्या गोळ्या दिवस मावळायच्या आत कळंबला पोहोचल्या. तो माणूस जगला. आजही थोडा लंगडतो आणि पावसाळ्यात शिव्या देतो. पण आमचं संकट तिथून सुरू झालं. मास्तरांनी ठरवलं होतं की काम झालं की दोन दिवसांत इंदूला पुण्याला परत पाठवायचं. इंदूनं निरोप धाडला: येत नाही. हवालदार आला आणि सून घरात दिसली नाही तर आजीला धरतील.

आणि खरी गोम अशी होती की राधीआजीला मुलगा नव्हता. कधीच नव्हता. दामू नाही, कोणीच नाही. नवरा गेल्याला वीस वर्षं झाली होती. हे अख्ख्या पोशीरला ठाऊक. हवालदारानं तिच्या आठ घरांच्या वाडीत एकाला जरी विचारलं असतं, "दामू कसा आहे?", आणि तो बावचळून म्हणाला असता, "कोण दामू?", तर सगळं संपलं असतं.

मास्तर मला म्हणाले, "जा, काही तोड निघते का बघा." मी आठ दिवस सबबी सांगितल्या. एकदा ताप, एकदा टोपांना कसर. शेवटी गेलो. भातकापणी चालू होती. खाचरात बारा-तेरा बाया वाकून कापत होत्या आणि मी बांधावर उभा राहून इंदूला शोधत होतो. सापडली नाही. मी, ज्यानं तिला उभी केली! कमरेवरून शोधली, चालीवरून शोधली. शेवटी एकीनं वर पाहून हाक मारली, "अहो, इकडे!" हातात विळा, बोटाला चिंधी, कपाळावर माझ्या बिब्ब्याच्या गोंदणाचा काळा डाग. कंबर कुठंही हलत नव्हती.

"हवालदार येऊन गेला," ती म्हणाली.

"मग?"

"माझ्या हातचं पाणी प्याला. बायांना विचारलं, दामू कुठं आहे. ह्या म्हणाल्या, गोदीत. एकीनं तर त्याला दामूच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या." ती हसली, मग तिचा आवाज उतरला. "वामनराव, रात्री कुत्रं भुंकलं की मी उठून बसते. मला काही झालं तर चालेल. पण ही म्हातारी..."

"इथून निघ," मी म्हणालो.

"कशी? सून पळाली म्हटलं तर तो शोधायला लागेल. आणि शोधणार कुठून? आजीपासूनच."

राधीआजी भाताचा भारा टाकून आली. "काय गं नटीबाय, वाळलीस! खात नाय काय?" मग इंदूकडे बघून, "हिला बी जेवाय सांग. मला आयकत नाय." आणि तिच्या पदराला चिकटलेली तुसं एकेक करून काढत बसली.

पंधरा-वीस दिवसांनी मास्तरांनी दुसरी बातमी आणली. पुण्याहून हरवलेल्या एका मुलीचा फोटो कर्जतच्या चौकीत येणार होता. हवालदारानंच मागवला होता. पुलावर इंदूचं तोंड त्यानं पुरतं पाहिलं होतं. फोटो हातात पडला की तो पोशीरला येणार, आणि या वेळी पाणी प्यायला नाही.

मास्तरांनी पोशीरला निरोप धाडला. उलट काहीच आलं नाही. दोन दिवस. मी दुकान उघडत होतो आणि रस्त्यावर बूट वाजला की बंद करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोशीरचा एक जण देवाच्या नाटकासाठी टोप ठरवायला आला. टोप डोक्यावर बसवून आरशात बघता बघता म्हणाला, "आमच्या वाडीवर सुतक हाय. राधीची सून गेली."

"गेली म्हणजे?"

"तापानं गेली. परवा. दोन दिसांत आटपली."

त्याच्या डोक्यावरचा टोप मी काढला की नाही आठवत नाही. चालत सुटलो. वाटेत सारखं एकच: थंडीत अनवाणी खाचरात उभी होती ती, बोट कापलेलं होतं, डोंगरातल्या माणसाला औषध पोहोचवलं आणि तिला एक गोळी कोणी दिली नाही. आणि हे सगळं कशासाठी? मी टाळ्या वाजवल्या म्हणून. ती पोशीरला राहिली ती माझ्या चुकीपायी. मी कधी एवढा चाललो नाही. पोशीरच्या नदीकाठी राखेचा काळा चौथरा दिसला, अजून कडेला अर्धवट जळलेली लाकडं होती, आणि लुगड्याचा एक जळका काठ. तो काठ मी ओळखला. माझ्याच ट्रंकेतला.

वाडीवर पोहोचायच्या आधीच रडणं ऐकू आलं. स्टेजवर मी पुष्कळ रडलो आहे आणि रडण्यातलं मला कळतं. स्टेजवरचं रडणं वर चढतं, टाळी घेऊन खाली येतं. हे चढत नव्हतं, उतरत नव्हतं. राधीआजी दारात जमिनीवर बसली होती, केस सुटलेले, हात जमिनीवर आपटत. "माझी वाट बगनारी गेली गं बाय. आता मी बाजारातनं कुनासाठी येऊ?" भोवती वाडीतल्या बाया.

आणि ओसरीच्या कडेला, टोपी काखेत धरून, हवालदार उभा.

मी तिथंच बसलो. पडलो म्हणा. त्यात काही सौंदर्य नव्हतं. नाकातून पाणी, घशातून जनावरासारखा आवाज. कंपनीच्या मालकानं पाहिलं असतं तर पगार कापला असता.

हवालदार माझ्याजवळ आला. "तुम्ही कोण?"

म्हातारी रडता रडताच म्हणाली, "मामा हाय पोरीचा."

त्यानं खिशातून फोटो काढला आणि माझ्यापुढं धरला. "मामा, हीच का तुमची भाची?"

मी पाहिलं. दोन वेण्या, पांढरं पातळ, हातात पुस्तक. डोळ्यांतल्या पाण्यानं ते सगळं डुचमळत होतं आणि मी शोधत होतो विळा घेतलेली, कपाळावर डाग असलेली मुलगी. ती त्यात नव्हती. मी मान हलवली, नाही म्हणून. खोटं बोलायचं आहे हे मला त्या क्षणी सुचलंही नव्हतं.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. उन्हात, त्याच्या त्या न ओरडणाऱ्या डोळ्यांनी. मग फोटो खिशात घातला, वही उघडून पेन्सिलीनं एक रेघ मारली, म्हातारीला नमस्कार केला आणि बांधावरून निघून गेला.

त्याची पाठ झाडीआड गेली. मग मी म्हणालो, "आजी, शेवटी काही बोलली का ती?"

राधीआजीनं पदरानं तोंड पुसलं. "बोलली की. म्हनाली, पोचल्यावर पत्र धाडते. परवाच्याला कुसूरच्या घाटानं वर गेली. आतापातुर पुन्याला असंल."

माझं तोंड उघडं ते उघडंच. बायांतली एक खुदकन हसली. मग मला असा संताप आला की मी उठून उभा राहिलो.

"आणि मला सांगितलं नाहीस? मी मेलो असतो वाटेत! एक निरोप धाडला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तं तू नाटक केलं असतंस."

मी मटकन ओट्यावर बसलो आणि हसायला लागलो, भीती उतरताना येतं तसं हसू, थांबेचना. बायाही हसल्या. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, राधीआजी हसत नव्हती. पुन्हा रडत होती; आता आवाज न करता.

"आता कशाला रडतेस?" मी म्हणालो. "गेला तो हवालदार."

"तो गेला रं," ती म्हणाली. "पर ती बी गेलीच ना."